लग्न ठरण्यापासून संसारात अडचण येईपर्यंत: कॅथलिक जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न ठरलं की वसई, उत्तन, मुंबईकडच्या आपल्या घरांत आधी हॉल बघितला जातो, मग केटरर, मग बँड. तारीख पक्की झाल्यावर कुणीतरी म्हणतं, "फादरांना सांगितलंत का?" विवाहपूर्व शिबिरांत आम्ही नवरा-बायको मिळून सत्रं घेतो. तिथे हात वर करून विचारलेले प्रश्न थोडे असतात. खरे प्रश्न चहाच्या वेळी कोपऱ्यात गाठून विचारले जातात. तेच इथे मांडले आहेत. काही तरुणांचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही संसार मोडलेल्यांचे. ख्रिस्तसभेचा कायदा, म्हणजे १९८३ची कॅनन संहिता (तिच्या प्रत्येक कलमाला कॅनन म्हणतात), आणि देशाचा कायदा हे दोन्ही जिथे लागू होतात तिथे ते वेगवेगळे सांगितले आहेत, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

लग्न लावतं कोण? फादरच ना?

नाही. आपल्या लॅटिन परंपरेत नवरा आणि नवरी हेच एकमेकांना हा संस्कार देतात. फादर ख्रिस्तसभेच्या वतीने तुमची संमती विचारतात आणि स्वीकारतात. ती संमती दोघांनी मोकळेपणी, समजून-उमजून दिली की लग्न होतं. दिली नसेल तर खुद्द बिशपांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण केली तरी होत नाही. कॅनन १०५७ स्पष्ट सांगतो की या संमतीची जागा दुसरी कुठलीही मानवी सत्ता घेऊ शकत नाही. आई नाही, मामा नाही, फादर नाही. पुढे शिबिर, चौकशी, रद्दबातल ठरवणं असं जे काही येईल ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

मग फादर आणि दोन साक्षीदार कशाला? त्याला कारण आहे. सोळाव्या शतकापर्यंत युरोपात दोघांनी चारचौघांच्या नजरेआड एकमेकांना वचन दिलं तरी ते लग्न वैध धरलं जायचं. मग एखादा पुरुष दुसरीकडे बोहल्यावर चढायचा आणि पहिलीकडे पुरावा काहीच नसायचा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३मध्ये 'तामेत्सी' हा आदेश काढून धर्मगुरू आणि साक्षीदार बंधनकारक केले. म्हणजे आज ज्याला लोक "चर्चची कटकट" म्हणतात ती मुळात फसवल्या गेलेल्या बायकांसाठी आली.

आमचं लग्न "संस्कार" आहे म्हणजे नेमकं काय?

दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असेल तर त्यांचं वैध लग्न हा आपोआप संस्कार असतो, सात साक्रामेंतांपैकी एक. त्याच्या गाभ्याला दोन गोष्टी आहेत: एकाशी एकच, आणि आयुष्यभर. "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये" हे प्रभूचं वचन (मत्तय १९) ख्रिस्तसभा शब्दशः घेते.

जुन्या पिढीला शिकवलं गेलं होतं की लग्नाचा पहिला हेतू मुलं आणि दुसरा एकमेकांना साहाय्य. आधीच्या, १९१७च्या संहितेत तसा क्रम होताच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये लग्नाचं वर्णन "जीवनाची आणि प्रीतीची जवळीक" असं केलं, आणि १९८३च्या संहितेने पती-पत्नीचं भलं आणि मुलांचा जन्म व संगोपन यांना एकाच वाक्यात शेजारी बसवलं. हा बदल फार मोठा आहे. बायकोचं सुख हा लग्नाचा दुय्यम भाग आहे असं कुणी धर्माच्या नावाने सांगत असेल तर ते आजच्या शिकवणीला धरून नाही.

फादरांकडे किती आधी जायचं, आणि काय काय न्यायचं?

निदान सहा महिने आधी जा. हॉलची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी गेलात तर फारच चांगलं, कारण चर्चमधली वेळ आणि हॉलची वेळ जुळली नाही की ओढाताण ठरलेली.

बाप्तिस्म्याचा दाखला ताजा लागतो, बहुतेक ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत काढलेला. घरातला लॅमिनेट केलेला जुना दाखला चालत नाही, आणि त्यावरून कार्यालयात वाद होतात. कारण साधं आहे. तुमचं लग्न झालं की ती नोंद तुमच्या बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत, तुमच्या नावापुढच्या समासात केली जाते. ताजा दाखला काढताना ती वही उघडली जाते आणि समास कोरा आहे की नाही हे कळतं. पूर्वी झालेलं लग्न लपवून दुसरं करायला निघालेली माणसं अशीच सापडली आहेत. बाप्तिस्मा कुवेतला किंवा दुबईला झाला असेल तर दाखला यायला वेळ लागतो, तेव्हा तिथून सुरुवात करा. शिवाय दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, शिबिराचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, फोटो. एक जोडीदार दुसऱ्या धर्मग्रामातला, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतला, असेल तर तिथल्या फादरांचं पत्र.

त्यानंतर लग्नाच्या घोषणा होतात, ज्यांना आपण बॅन्स म्हणतो. मिस्सेच्या वेळी तुमची नावं वाचली जातात किंवा फलकावर लागतात, आणि कुणाला अडथळा माहीत असेल तर त्याने सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं.

फादर दोघांना वेगवेगळं बसवून काय विचारतात? आम्हाला भीती वाटते.

भिण्यासारखं काही नाही. उलट संपूर्ण तयारीतला हाच सगळ्यात मोलाचा अर्धा तास आहे. छापील फॉर्म असतो, उत्तरं शपथेवर द्यायची असतात, आणि दुसरा माणूस खोलीत नसतो. आईसुद्धा नसते. तुम्ही स्वतःच्या इच्छेने लग्न करताय का? घरच्यांचा किंवा कुणाचा दबाव आहे का? आधी कुणाशी लग्न, चर्चमधलं किंवा कोर्टातलं, झालंय का? समोरच्यापासून काही गंभीर आजार, कर्ज, मूल लपवलंय का? लग्न आयुष्यभरासाठी आहे हे मान्य आहे का? मुलं हवीत का?

इथे मान खाली घालून "हो फादर, हो फादर" म्हणून निघून येणारे खूप. एखादी मुलगी तिथे रडली आणि "मला हे लग्न नकोय" म्हणाली, तर फादर ते थांबवू शकतात आणि कारण बाहेर फुटत नाही. मांडव घातल्यावर, उंबराचं पाणी आणायचा विधी झाल्यावर लग्न मोडलं तर घराण्याची नाचक्की होते हे खरं. पण त्या नाचक्कीपायी केलेलं लग्न पुढे चर्चच्या न्यायाधिकरणासमोर येतं तेव्हा तिची दहा वर्षं गेलेली असतात. आईवडिलांनो, ही ओळ तुमच्यासाठी आहे.

शिबिराची सक्ती का? आम्ही सहा वर्षं एकत्र फिरतोय, एकमेकांना ओळखतो.

फिरताना कळतं ते वेगळं. एका सत्रात आम्ही दोघांना वेगवेगळे कागद देतो आणि चारच गोष्टी लिहायला सांगतो: पगार कुणाच्या हातात द्यायचा, पहिलं मूल कधी, राहायचं कुठे, आणि रविवारी कुणाच्या घरी जेवायचं. मग कागद अदलाबदल करायचे. वर्षानुवर्षं बरोबर असलेली जोडपी या चार ओळींवर गप्प होतात. तो आईला पगार देणार हे तिला पहिल्यांदा त्या बाकावर कळतं. तिला वसईहून चर्चगेटची नोकरी सोडायची नाही, आणि त्याच्या घरी गृहीत धरलंय की ती सोडणार.

शिबिरात कायदा, पैसा, शरीरसंबंध, नैसर्गिक कुटुंबनियोजन, प्रार्थना, सासर-माहेर असं सगळं येतं. डॉक्टर असतात, वकील असतात, जोडपी असतात. मुंबई धर्मप्रांताचं माहीमचं स्नेहालय कुटुंबसेवा केंद्र हे काम करतं; वसई, पुणे, नाशिक धर्मप्रांतांत आपापली सोय आहे. पोप फ्रान्सिस यांना तर दोन-तीन दिवसांची शिबिरं अपुरी वाटत होती. २०२२मध्ये व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक विभागाने काढलेल्या मार्गदर्शिकेत, प्रौढांना बाप्तिस्म्यासाठी जसं टप्प्याटप्प्याने तयार करतात तसंच लग्नासाठीही करावं, आणि लग्नानंतरची पहिली वर्षंही त्यात धरावीत असं सुचवलं आहे. आपल्याकडे अजून ते पोचलेलं नाही आणि पोचायला हवं.

मामाच्या मुलीशी लग्न चर्चमध्ये होतं का?

सख्खी चुलत, मामे, आते, मावस भावंडं हा कॅनन १०९१नुसार अडथळा आहे. बिशप गंभीर कारण असेल तर सूट देऊ शकतात, पण ती मागावी लागते. मामा-भाची तर त्याहून जवळचं नातं. इतर समाजांत रीत आहे म्हणून गृहीत धरू नका.

वयाचं काय? आणि उपवासकाळात लग्न करता येतं का?

संहितेत किमान वय मुलाला १६ आणि मुलीला १४ आहे, पण देशाचा कायदा २१ आणि १८ सांगतो आणि आपल्याकडे तोच पाळला जातो. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, सरसकट बंदी नाही. पवित्र शुक्रवार आणि पवित्र शनिवार मात्र पूर्ण वर्ज्य. आपल्याकडे उपवासकाळात लग्न न करण्याची चाल आहे, ती चांगली आहे.

मुलगा हिंदू आहे. त्याने बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे का?

नाही. हे ठळक अक्षरांत लिहायला हवं, कारण यावरून अनेक घरं कायमची दुरावली आहेत. लग्नासाठी म्हणून घेतलेला बाप्तिस्मा ख्रिस्तसभेलाही नको आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची सूट लागते. ती मिळाली की लग्न चर्चमध्ये पूर्ण वैध होतं. ते संस्कार नसतं, पण खरं लग्न असतं, आणि तुमची कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेणं, सुरू राहते.

सूट मागताना कॅथलिक व्यक्तीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून माझ्याकडून होईल तेवढं सगळं करीन. वचन कॅथलिक जोडीदाराचं आहे. दुसऱ्याकडून सही घेतली जात नाही. त्याला या वचनाची कल्पना दिली जाते, आणि लग्न म्हणजे काय हे दोघांना समजावलं जातं. "मुलांचं बघू नंतर" हे उत्तर लग्नाआधी गोड वाटतं. नंतर बारशाच्या दिवशी दोन्हीकडच्या आज्या समोरासमोर येतात. तेव्हा हे आधीच, शांतपणे, दोन्ही घरांसमोर बोला.

देशाच्या कायद्याचा भाग असा: १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चर्चमधलं लग्न नोंदवता येतं. दुसरा रस्ता १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा, ज्यात ३० दिवसांची नोटीस लागते. पण केवळ हिंदू विधी करून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करू नका. एक जोडीदार ख्रिस्ती असताना तसं लग्न त्या कायद्याखाली वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये सांगितलं आहे. गोव्यातली पद्धत पूर्ण वेगळी. तिथे आधी नागरी नोंदणी कार्यालयात जावं लागतं.

आणि ती प्रोटेस्टंट असेल तर?

अहिल्यानगर, नाशिक, पुण्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत हे नेहमीचं आहे. तिचा बाप्तिस्मा वैध असल्यामुळे हे लग्न संस्कारच असतं. इथे बिशपांची परवानगी लागते. वचन वर सांगितलं तेच. तिच्या पाळकांनी उपस्थित राहून प्रार्थना करायला, आशीर्वाद द्यायला हरकत नाही. फक्त दोन वेगवेगळ्या विधींत दोनदा संमती घ्यायची नाही.

आम्ही रजिस्टर लग्न करून मोकळे झालो. आता चर्चचे दरवाजे बंद?

अजिबात नाही. या, आणि लवकर या. कॅथलिक व्यक्तीने चर्चची सूट न घेता फक्त कोर्टात लग्न केलं तर ख्रिस्तसभा ते वैध धरत नाही, पण ते दुरुस्त करता येतं. साधा मार्ग म्हणजे फादर आणि दोन साक्षीदारांसमोर पुन्हा संमती द्यायची. मांडव नको, बँड नको, संध्याकाळी वेदीसमोर दहा मिनिटांत होतं. जोडीदार ख्रिस्ती नाही आणि "एकदा लग्न झालंय, परत कशाला" म्हणतो, अशा वेळी त्याने पुन्हा काही न म्हणता, दोघांची मूळ संमती अजून टिकून आहे या आधारावर बिशप त्या लग्नाला मुळापासून मान्यता देऊ शकतात. हा दुसरा मार्ग फार थोड्या लोकांना माहीत आहे. त्यापायी माणसं वीस-वीस वर्षं कम्युनियनच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहतात, हे पाहवत नाही.

कुटुंबनियोजनाबद्दल खरंच काय शिकवण आहे?

पोप पॉल सहावे यांचं 'ह्युमाने विते' हे परिपत्रक २५ जुलै १९६८चं. त्यांनीच वाढवलेल्या आयोगातल्या बहुसंख्यांनी शिथिलता सुचवली होती, तरी त्यांनी कृत्रिम साधनं नाकारली. प्रीती आणि नवजीवनाची शक्यता ही एकाच कृतीची दोन अंगं आहेत, ती मुद्दाम वेगळी करू नयेत, हा त्यांचा युक्तिवाद. किती मुलं आणि किती अंतराने, हे मात्र पती-पत्नीनेच देवासमोर ठरवायचं. "देव देईल तेवढी" अशी शिकवण नाही.

व्यवहारात नैसर्गिक पद्धती आहेत, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्स या डॉक्टर दांपत्याने विकसित केलेली स्रावाच्या निरीक्षणाची पद्धत. ती "तारखा मोजण्या"पेक्षा बरीच वेगळी आहे आणि शिकवणाऱ्याकडूनच शिकावी लागते. तिला नवऱ्याचं सहकार्य लागतं. ते नसेल तर सगळा भार बाईवर पडतो आणि पद्धतीलाच दोष दिला जातो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी त्यामुळे चर्च सोडू नये. कुमसारात, म्हणजे फादरांपुढे पापकबुली देताना, बोला. फादर तिथे शिक्षा द्यायला बसलेले नाहीत.

मूल होत नाही. सासरचे म्हणतात, हे लग्न लग्नच नाही.

ते साफ चुकीचं आहे. कॅनन १०८४ सांगतो की वंध्यत्वामुळे लग्न अवैध होत नाही आणि त्यामुळे मनाईही होत नाही. तुमचं लग्न पूर्ण आहे. तपासणी आणि औषधोपचार करायला हरकत नाही, दोघांचीही तपासणी करा, फक्त तिची नको. प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याला मात्र १९८७च्या 'दोनुम विते' या सूचनापत्रापासून ख्रिस्तसभेने नकार दिला आहे. ही शिकवण अशा जोडप्यांना फार जड जाते आणि ती सांगणाऱ्याने सांगताना घाई करू नये.

दत्तकाविषयी एक गैरसमज अजून घट्ट आहे. पूर्वी ख्रिस्ती जोडप्याला दत्तक घेता येत नसे, १८९०च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता येई. आता बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माचं जोडपं रीतसर दत्तक घेऊ शकतं आणि मूल पूर्ण वारस ठरतं. अर्ज केंद्र सरकारच्या कारा या संस्थेच्या पोर्टलवर करायचा.

लग्नाला दोन वर्षं झाली, रोज भांडणं होतात. कुणाकडे जायचं?

आपल्या धर्मग्रामांची सगळी ताकद लग्नाच्या दिवसापर्यंत खर्च होते आणि त्यानंतर फादर त्या जोडप्याला थेट बाळाच्या बाप्तिस्म्याला भेटतात. हे बदलायला हवं. कॅनन १०६३ लग्नानंतरच्या मदतीलाही पाळकीय कर्तव्य म्हणतो.

भांडण पैशाचं किंवा घरातल्या माणसांचं असेल तर आधी एखाद्या मुरलेल्या जोडप्याशी बोला. छोट्या ख्रिस्ती समूहात असं एखादं घर नक्की असतं. धर्मप्रांताच्या कुटुंब केंद्रात समुपदेशक असतात, तिथे तुमच्या गल्लीतलं कुणी नसतं, हा फायदाच. मॅरेज एन्काउंटर ही शनिवार-रविवारची निवासी भेट बऱ्याच जोडप्यांना उपयोगी पडली आहे. स्पेनमधल्या गाब्रिएल काल्व्हो या धर्मगुरूंनी तिची सुरुवात केली. ती भेट मोडलेल्या संसारासाठी नसून कोरड्या पडलेल्या संसारासाठी आहे. दारू, मारहाण, संशयाचा आजार असेल तर तिथे नको. व्यसनमुक्ती केंद्र आणि मानसोपचारतज्ज्ञ.

नवरा मारतो. फादर म्हणाले, क्रूस आहे, सहन कर.

असं सांगितलं गेलं असेल तर ती ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. जोडीदार शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका निर्माण करत असेल तर वेगळं राहण्याचा अधिकार कॅनन ११५३ देतो, आणि थांबण्यात धोका असेल तर कुणाच्या परवानगीची वाट न पाहता. पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१६च्या 'आमोरिस लेतित्सिया'मध्ये लिहिलं की दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना वाचवण्यासाठी वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं.

आधी सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१, आणीबाणीत ११२. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. जखमांचे फोटो आणि सरकारी रुग्णालयाचे कागद जपा. समेटाची बैठक नंतर, आणि ती त्याच्या आईच्या घरी नको.

"चर्चचा घटस्फोट" मिळतो का?

ज्याला लोक असं म्हणतात ती लग्न मुळातच झालं नव्हतं अशी घोषणा असते. फरक समजून घ्या. दोघा बाप्तिस्मा झालेल्यांचं, शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं वैध लग्न कुणीही, पोपसुद्धा, मोडू शकत नाही. न्यायाधिकरण विचारतं ते एवढंच: त्या दिवशी वेदीसमोर दिलेली संमती खरी होती का? त्यानंतर तुमचं पटलं नाही, हे कारण नाही.

कारणं साधारण अशी: दबाव किंवा भीती, समोरच्याने गंभीर गोष्ट मुद्दाम लपवून फसवलं, मनातून मुलं किंवा एकनिष्ठता किंवा कायमचं बंधन नाकारलं होतं, किंवा मानसिक कारणांमुळे लग्नाची जबाबदारी पेलण्याची क्षमताच नव्हती. शेवटचं कारण, कॅनन १०९५, आज बहुतेक अर्जांत दिसतं.

अर्ज लेखी द्यायचा. दुसऱ्या बाजूला कळवलं जातं. ती आली नाही तरी प्रकरण पुढे चालू शकतं. साक्षीदार लागतात, लग्नाच्या आधीच्या आणि लगेच नंतरच्या काळात तुम्हाला ओळखणारे: बहीण, मैत्रीण, ऑफिसमधला सहकारी. जुन्या चिठ्ठ्या, मेसेज, डॉक्टरांचे कागद फेकू नका. गरज पडली तर मानसतज्ज्ञ. एक अधिकारी लग्न वैध असल्याच्या बाजूने मांडणी करतो, त्याला बंधाचा रक्षक म्हणतात. तो तुमचा शत्रू नाही, ते त्याचं काम आहे. पूर्वी दोन न्यायाधिकरणांचे निकाल सारखे असावे लागत. पोप फ्रान्सिस यांनी १५ ऑगस्ट २०१५च्या पत्राने ती अट काढली, आणि दोघंही तयार असतील व पुरावा उघड असेल तर खुद्द बिशपांसमोर छोटी प्रक्रिया आणली. ८ डिसेंबर २०१५पासून ती लागू आहे. शुल्क शक्यतो घेऊ नये असंही त्यात आहे. ऐपत नसेल तर स्पष्ट सांगा, त्यावरून कुणी अर्ज नाकारू नये.

मग आमची मुलं बेवारस ठरतात का?

नाही. कॅनन ११३७. त्या लग्नात जन्मलेली मुलं औरसच राहतात. हा प्रश्न बायका अगदी शेवटी, दारात थांबून विचारतात, आणि कित्येक जणी या एका भीतीने अर्जच करत नाहीत.

चर्चचा निकाल आला, आता दुसरं लग्न करू?

थांबा. देशाच्या कायद्यापुढे तुम्ही अजून विवाहित आहात. चर्चच्या न्यायाधिकरणाचा निकाल नागरी घटस्फोटाची जागा घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये आणि पुन्हा २०१७मध्ये स्पष्ट केलं आहे. कोर्टाचा हुकूम नसताना लग्न केलं तर तो गुन्हा होतो. ख्रिस्ती लोकांसाठी १८६९चा घटस्फोट कायदा आहे. २००१पर्यंत त्यात नवऱ्याला नुसता व्यभिचार पुरेसा होता, बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. २००१च्या दुरुस्तीने दोघांना समान कारणं दिली आणि परस्परसंमतीची वाट उघडली. दोन्ही निकाल हातात आले की मगच पुढचं बघा.

माझा घटस्फोट झालाय. कम्युनियन घेऊ शकते का?

हो. घटस्फोट झाला आणि पुन्हा लग्न केलेलं नाही, तर तुम्ही कम्युनियन घेऊ शकता. नुसत्या कोर्टाच्या हुकुमाने कुणी कम्युनियनपासून दूर होत नाही. ज्यांना टाकलं गेलं त्यांना तर नाहीच नाही.

पुन्हा नागरी लग्न केलेल्यांची गोष्ट अवघड आहे. ते बहिष्कृत नाहीत. मिस्सेला यावं, मुलांचा बाप्तिस्मा करावा, सेवाकार्यात भाग घ्यावा. कम्युनियनविषयी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१मध्ये नियम कायम ठेवला, ज्यांना वेगळं होणं शक्य नाही त्यांनी भावा-बहिणीसारखं राहिल्यास वाट ठेवली. पोप फ्रान्सिस यांनी शिकवण न बदलता, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, म्हणून फादरांबरोबर सावकाश, प्रामाणिक परीक्षण करावं, आणि त्यात काही वेळा संस्कारांचं साहाय्यही असू शकतं असं म्हटलं. यावर मतभेद झाले, अजून आहेत. एक मात्र नक्की, की शेजारच्या बाकावरच्या बाईने हा निर्णय द्यायचा नाही. अनुभवी फादर शोधा, आणि पहिल्या लग्नाची वैधता तपासायला न्यायाधिकरणात जाता येतं का हे आधी विचारा.

विधवा किंवा विधुर चर्चमध्ये पुन्हा लग्न करू शकतात?

हो, पूर्ण संस्कार म्हणून. मृत्यूने बंधन संपतं. मृत्यूचा दाखला न्या आणि लोकांचं ऐकू नका.

लग्नाला खर्च परवडत नाही म्हणून पुढे ढकलतोय.

संस्काराला दोघं, फादर आणि दोन साक्षीदार एवढंच लागतं. चर्चमधली देणगी परवडत नसेल तर सांगा. गरिबीमुळे कुणी संस्काराला मुकू नये असं कॅनन ८४८ सांगतो. रविवारच्या मिस्सेत लग्न करून आवारात सगळ्यांना चहा आणि केक देणारी जोडपी आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्या पहिल्या वर्षावर कर्जाचा हप्ता नव्हता. कर्ज काढून तीन दिवस जेवणावळी घालणाऱ्या वडिलांना हे पटवणं कठीण असतं, तेव्हा फादरांनाच घरी घेऊन जा.

मुलगी चर्चबाहेर लग्न करतेय. आम्ही लग्नाला गेलो तर पाप लागेल का?

आईवडिलांनी जाऊ नये असा कुठलाही कॅनन नाही. तुम्ही तुमचं मत तिला एकदा स्पष्ट सांगितलं असेल तर तुमचं जाणं म्हणजे मान्यता नव्हे, ते नातं टिकवणं आहे. काही फादर वेगळा सल्ला देतात. आमच्या मते गेलेलं बरं. अशा घरांतून काही वर्षांनी नातवाच्या बाप्तिस्म्याची विचारणा येते. त्यासाठी एका पालकाची संमती आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा लागते (कॅनन ८६८). ती आशा कुठे आहे असं फादर विचारतात तेव्हा बहुतेक वेळा आजी-आजोबांकडे बोट दाखवलं जातं. त्यांच्याशी बोलणंच बंद असेल तर ते बोट दाखवायला कुणी राहत नाही.